विक्रमांचे दफ्तर आणि सात सामन्यांचा निवाडा

क्रीडाक्षेत्रात श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचा निवाडा करणारी दोन न्यायासने गेल्या शे-सव्वाशे वर्षांत उभी राहिली आहेत, आणि ती आता जगाच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, माणसांनीच ती केव्हातरी स्थापन केली, त्यांचे कायदे कोणा वेळाधिकाऱ्याने, कोणा संघटनेच्या चिटणिसाने किंवा कोणा क्रीडागृहाच्या मालकाने आपापल्या गरजेपोटी ठरविले, याचे विस्मरण बहुतेक रसिकांना झालेले आहे. पहिले न्यायासन ऑलिंपिकमधील विक्रमांचे. तेथे घड्याळ आणि मोजपट्टी साक्ष देतात, आणि आज धावणाऱ्याची गाठ मैदानात नसलेल्या, कदाचित हयातही नसलेल्या पूर्वसूरींशी घातली जाते. दुसरे न्यायासन अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या प्लेऑफचे; तेथे हंगामभराच्या सामन्यांतून निवडले गेलेले संघ समोरासमोर उभे राहतात, सातांपैकी चार सामने जो जिंकेल तो पुढे जातो, आणि दुसऱ्याचा हंगाम तेथेच संपतो.

या दोन्ही न्यायासनांपुढे भक्तिभावाने बसत आलेल्या माणसाला आजच्या क्रीडाचर्चेत एक गोष्ट सतत खटकते. बास्केटबॉलपटूची थोरवी आपण त्याच्या गुणांच्या बेरजेने मोजू लागलो आहोत, आणि धावपटू-जलतरणपटूंची थोरवी पदकांच्या संख्येने; म्हणजे ज्याची फिर्याद ज्या न्यायासनापुढे चालावयास हवी, नेमकी त्याच्या उलट ती चालविली जात आहे. संघाच्या खेळात आकडा हा अलंकार आहे, देह नव्हे. उलट, जो एकटा स्वतःच्या मार्गिकेत धावतो किंवा पोहतो, त्याच्या कर्तृत्वाचा देहच आकड्याचा असतो, आणि पदक हे त्या दिवशी बाजूच्या मार्गिकांत कोण होते यावर अवलंबून असलेले प्रसादचिन्ह ठरते. हे मत केवळ आवडीनिवडीचे नाही, या दोन्ही प्रथांचा इतिहासच त्याची साक्ष देतो, असे मला मनापासून वाटते; म्हणून तो इतिहास येथे थोडा तपशिलाने मांडावयाचा आहे.

बास्केटबॉलचा जन्म ना विक्रमासाठी झाला, ना विजेतेपदासाठी. १८९१ च्या डिसेंबर महिन्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात, कॅनडात जन्मलेले शिक्षक जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता की, बाहेर बर्फ पडत असता बंदिस्त व्यायामशाळेत कंटाळून गेलेल्या अठरा विद्यार्थ्यांना गुंतवून कसे ठेवावे. त्यांनी पीच फळांच्या दोन करंड्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, एवढ्याच कारणाने ठरलेली ती उंची आजतागायत बदललेली नाही. पुढे १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकाचा मान प्रथम मिळाला, तेव्हा वृद्ध नेस्मिथ स्वतः उपस्थित होते. अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसाने चिखल झालेल्या जमिनीवर झाला, चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. त्याच बर्लिनमध्ये, त्याच पंधरवड्यात, जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदके जिंकली आणि लांब उडीत ८.०६ मीटरचा ऑलिंपिक विक्रम नोंदविला. एका मैदानावरील आकडे पावसाने अर्थशून्य केले होते, तर दुसऱ्या मैदानावरील आकडा वर्णद्वेषी राजवटीला उत्तर म्हणून कायमचा नोंदला जात होता.

व्यावसायिक प्लेऑफची प्रथा मात्र खेळाडूंनी किंवा शिक्षकांनी नव्हे, तर क्रीडागृहांच्या मालकांनी घातली. अमेरिकेतील मोठ्या शहरांत बर्फावरील हॉकीसाठी विस्तीर्ण बंदिस्त क्रीडागृहे बांधलेली होती; हॉकीचा सामना नसे त्या रात्री ती रिकामी राहत, आणि रिकाम्या खुर्च्यांचा तोटा मालकाच्या माथी येई. ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे हे मालक एकत्र आले आणि त्यांनी बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ हे हॉकीच्याच एका संघटनेचे कारभारी होते. ३ ऑगस्ट १९४९ रोजी नॅशनल बास्केटबॉल लीग या प्रतिस्पर्धी संस्थेशी तिचे विलीनीकरण होऊन आजची एनबीए अस्तित्वात आली. हंगामाअखेर मालिका खेळवून विजेता ठरविण्याचा शिरस्ता हॉकीत जुना होता. तोच या नव्या संस्थेने पहिल्या वर्षापासून उचलला, आणि मालिका जितकी लांबेल तितकी तिकिटे अधिक खपत, हा लाभही त्यात होताच.

या शिरस्त्याचे खरे स्वरूप पहिल्याच हंगामात प्रकट झाले. १९४६-४७ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाने ६० पैकी ४९ सामने जिंकले. त्यांच्या जवळपासही दुसरा कोणी नव्हता. परंतु मालिकेत शिकागो स्टॅग्जनी त्यांना ४-२ असे गारद केले, आणि त्या शिकागोला अंतिम मालिकेत फिलाडेल्फिया वॉरियर्सनी ४-१ असे हरवून पहिले विजेतेपद मिळविले. वॉशिंग्टनचे ते तरुण प्रशिक्षक म्हणजे रेड आउअरबाख. पुढे हेच आउअरबाख बोस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी नऊ विजेतेपदे मिळविली. गुणांच्या राशी रचणाऱ्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याचा हल्ला मोडणाऱ्या खेळाडूभोवती त्यांनी संघ बांधला, ही निवड पाहिली म्हणजे पहिल्या हंगामातील तो पराभव त्यांनी किती खोलवर जिरविला असेल, याची कल्पना येते.

याच सुमारास बास्केटबॉलमध्ये घड्याळाचा अंमल सुरू झाला, आणि तो ऑलिंपिकमधील घड्याळाच्या अंमलाहून किती भिन्न होता हे ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रारंभीच्या वर्षांत आघाडी मिळालेला संघ चेंडू नुसता हातात खेळवीत वेळ काढी. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनी, जॉर्ज मायकनसारखा धिप्पाड खेळाडू असलेल्या मिनियापोलिस लेकर्सना १९ विरुद्ध १८ असे हरविले, ते अशाच युक्तीने. आणि २१ मार्च १९५३ रोजी प्लेऑफमधील बोस्टन-सिरॅक्यूज सामना चार जादा डावांपर्यंत लांबला, त्यात बॉब कूझीने केलेल्या ५० गुणांपैकी ३० नुसत्या फ्री थ्रोचे होते. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन हे बोलिंगचा अड्डा चालविणारे गृहस्थ. त्यांनी हिशेब मांडला तो सरळ होता. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सुमारे १२० प्रयत्न होतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २,८८० सेकंदांचा, तेव्हा प्रत्येक प्रयत्नाला २४ सेकंद. १९५४-५५ च्या हंगामापासून २४ सेकंदांत चेंडू टाकण्याचे बंधन आले आणि एका संघाच्या सरासरी गुणसंख्येने एकाच वर्षात ७९ वरून ९३ पर्यंत झेप घेतली. त्या वर्षीचे विजेतेपदही सिरॅक्यूजलाच मिळाले, सातव्या सामन्यात ९२ विरुद्ध ९१ असे. येथे घड्याळ न्यायाधीश झाले नाही; ते फक्त दोन पक्षांना टाळाटाळ करू न देणारा बेलीफ झाले. मात्र त्याचबरोबर हेही सिद्ध झाले की, या खेळातील गुणसंख्या नियमाच्या एका फटकाऱ्यासरशी फुगते किंवा आटते, आणि म्हणून निरनिराळ्या दशकांतील खेळाडूंची गुणांच्या बेरजेने तुलना करणे हे मुळातच निराधार आहे.

मूर्तिमंत उदाहरणच हवे असेल तर बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांच्या दशकभराच्या झुंजीइतके बोलके उदाहरण साऱ्या क्रीडेतिहासात सापडणार नाही. रसेल १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून, डिसेंबरात, हंगाम सुरू झाल्यानंतर बोस्टनच्या संघात दाखल झाला. आणि पुढच्याच एप्रिलात सेंट लुइस हॉक्सविरुद्ध सातव्या सामन्यात, दोन जादा डावांनंतर, १२५-१२३ असा विजय मिळवून त्याच्या संघाने पहिले विजेतेपद घेतले. तेथून तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे, त्यांपैकी १९५९ ते १९६६ पर्यंत सलग आठ. चेंबरलेन १९५९ मध्ये आला आणि त्याने आकड्यांचे सारे दफ्तरच नव्याने लिहावयास लावले. १९६१-६२ च्या हंगामात त्याची सरासरी प्रत्येक सामन्यास ५०.४ गुणांची होती, आणि २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध, त्याने एकट्याने १०० गुण केले. प्रेक्षक होते ४,१२४. शेवटच्या मिनिटांत निक्सचे खेळाडू चेंडू त्याच्याकडे जाऊ नये म्हणून इतरांना मुद्दाम अडवू लागले, आणि त्याच्या वॉरियर्स संघाचे खेळाडू चेंडू लवकर परत मिळावा म्हणून निक्सना मुद्दाम अडवू लागले. म्हणजे सामना संपला होता आणि उरला होता तो आकड्याचा पाठलाग. तो पराक्रम खोटा नव्हे; शंभर गुण करण्यास जे शरीर आणि जी जिद्द लागते ती दुसऱ्या कोणाजवळ आजवर दिसलेली नाही. परंतु त्या रात्री प्रतिस्पर्धी नावापुरताच उरला होता, हेही तितकेच खरे.

त्यानंतर अवघ्या महिनाभरात विभागीय अंतिम मालिकेत वॉरियर्सची गाठ सेल्टिक्सशी पडली. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. अखेरचे दोन सेकंद उरले असता सॅम जोन्सचा चेंडू बास्केटमध्ये गेला आणि बोस्टनने १०९-१०७ असा सामना घेतला. त्या निर्णायक सामन्यात चेंबरलेनला २२ गुणांवर थोपविण्यात आले होते. रसेल आणि चेंबरलेन प्लेऑफमध्ये आठ वेळा समोरासमोर आले. त्यांपैकी सात मालिका रसेलच्या संघाने जिंकल्या आणि फक्त एक, १९६७ ची, चेंबरलेनच्या संघाने. १९६९ च्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सकडे चेंबरलेन, जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर हे तिघेही होते, आणि सेल्टिक्स आपल्या विभागात चौथ्या क्रमांकावर कसेबसे येऊन पोचले होते. रसेल खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी वाहत होता. सातव्या सामन्यासाठी लॉस एंजेलिसच्या क्रीडागृहात विजयोत्सवाचे फुगे छताशी बांधून ठेवलेले होते. सामना सेल्टिक्सनी १०८-१०६ असा जिंकला. वेस्टने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ पास अशी कामगिरी करूनही त्याचा संघ हरला, आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा नव्यानेच सुरू झालेला मान त्याला देण्यात आला. पराजित संघातील खेळाडूला तो मान मिळाल्याचे हे आजवरचे एकमेव उदाहरण होय.

काही लोक यावरून चेंबरलेनला कमी लेखतात; तो अन्याय आहे. दोन गुणांनी हरलेल्या सातव्या सामन्यातून एका माणसाच्या चारित्र्याचा निष्कर्ष काढता येत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. प्लेऑफ मालिकेत प्रतिस्पर्धी तुम्हाला दोन आठवडे सतत अभ्यासतो. पहिल्या सामन्यात चाललेली युक्ती तिसऱ्यात चालत नाही, तिसऱ्यातील उपायावर पाचव्यात प्रत्युपाय निघतो, आणि अखेर ज्याच्याजवळ सहकाऱ्यांना बरोबर घेऊन नवे उत्तर शोधण्याची शक्ती उरते, तोच तरतो. हा गुण कोणत्याही बेरजेत उतरत नाही. म्हणून रसेलची थोरवी सिद्ध करण्यास अकरा हा आकडाही अपुरा आहे. समोर सात वेळा चेंबरलेन होता, हे सांगितल्यावाचून ती पुरतेपणी कळतच नाही.

आता दुसऱ्या न्यायासनाकडे वळू. १८९६ मध्ये अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिकचा प्रारंभ झाला तेव्हा टॉमस बर्कने १०० मीटर अंतर १२ सेकंदांत जिंकले; परंतु त्या काळी जागतिक विक्रमांची अधिकृत नोंदवही कोठेच नव्हती. १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे मैदानी खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच स्टॉकहोममध्ये डोनाल्ड लिपिनकॉटने नोंदविलेली १०.६ सेकंदांची वेळ ही १०० मीटर धावण्याचा पहिला मान्यताप्राप्त विश्वविक्रम ठरली. तेव्हापासून विक्रमाला सनद लागू लागली: मार्गाचे मोजमाप बिनचूक हवे, वेळ नोंदणारे अधिकृत हवेत, आणि कालांतराने, पाठीमागून वाहणारा वारा सेकंदाला २ मीटरच्या हद्दीबाहेर नको. १९७७ पासून तर ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत हाताने नोंदलेली वेळ विक्रम म्हणून अग्राह्य ठरली. कोणत्याही जमीनमहसुलाच्या दफ्तरात दिसावी अशी ही काटेकोर शिस्त होय, आणि तिच्यामागे एक उदात्त कल्पना होती. बर्लिनमध्ये धावलेला आणि टोकियोत धावणारा यांची कधी भेट होणार नाही, परंतु मोजणी प्रामाणिक असेल तर दोघांना एकाच रांगेत उभे करता येईल, अशी ती कल्पना.

ही मोजणी प्रामाणिक करण्यास किती खटाटोप करावा लागला, हे १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील १०० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याच्या शर्यतीवरून कळते. तीन वेळाधिकाऱ्यांच्या घड्याळांनी अमेरिकेच्या लान्स लार्सनला ५५.०, ५५.१ आणि ५५.१ सेकंद दिले. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटला तिन्ही घड्याळांनी ५५.२ दिले. परंतु त्या काळी क्रम ठरविण्याचा अधिकार घड्याळांचा नसून डोळ्यांनी पाहणाऱ्या पंचांचा होता. पंचांत मतभेद झाला, मुख्य पंचाने डेव्हिटच्या बाजूने कौल दिला, आणि नोंदीत दोघांचीही वेळ ५५.२ अशी लिहिण्यात आली. लार्सनच्या बाजूने केलेली फिर्याद फेटाळली गेली. या अन्यायाचा परिणाम असा झाला की, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपर्यंत जलतरणाच्या तलावात स्पर्शाने थांबणाऱ्या विद्युत-पाट्या आल्या, आणि माणसाच्या नजरेचा अधिकार यंत्राकडे गेला.

यंत्राचाही अतिरेक होतो, हे १९७२ च्या म्युनिकमध्ये दिसले. ४०० मीटर मेडली शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शंभराव्या भागापर्यंत सारखी आली. तेव्हा हजारावा भाग पाहून, दोन सहस्रांश सेकंदांनी, लार्सनला सुवर्णपदक देण्यात आले. मग जाणत्यांच्या ध्यानात आले की, तलावाच्या दोन मार्गिकांच्या लांबीतच त्याहून अधिक फरक असू शकतो. आणि पुढे शंभराव्या भागापर्यंतच मोजावे, तेथे बरोबरी असेल तर दोघांनाही समान मान द्यावा, असा नियम झाला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे कॅरी स्टाइनसाइफर आणि नॅन्सी हॉग्सहेड या दोघींना ५५.९२ सेकंदांच्या एकाच वेळेसाठी दोन सुवर्णपदके मिळाली, ती या नियमामुळे. आपल्या साधनाची मर्यादा ओळखून मोजमाप तेथेच थांबविणे, हा विक्रमांच्या इतिहासातील मला सर्वांत आदरणीय वाटणारा निर्णय आहे.

त्याच म्युनिकमध्ये, थोड्याच दिवसांनी, बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात वाद झाला तोही वेळेचाच. तीन सेकंद उरले असता डग कॉलिन्सच्या दोन फ्री थ्रोंमुळे अमेरिका ५०-४९ अशी पुढे गेली. परंतु अखेरचे ते तीन सेकंद पुन्हा खेळविले गेले, आंतरराष्ट्रीय संघटनेचे सचिव विल्यम जोन्स यांनी घड्याळ मागे घेण्याचा हुकूम दिला, आणि शेवटी इव्हान येदेश्कोने लांबवर फेकलेला चेंडू झेलून अलेक्झांडर बेलोव्हने सोव्हिएत संघाला ५१-५० असा विजय मिळवून दिला. पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी अमेरिकेचे अपील फेटाळले. अमेरिकन खेळाडूंनी आपली रौप्यपदके स्वीकारली नाहीत. एका सामन्यावर सर्वस्व टांगलेले असले की तीन सेकंदांची चूकही दुरुस्त होण्यास वाव उरत नाही. सात सामन्यांच्या मालिकेचे महत्त्व मला येथे विशेष जाणवते, कारण तेथे एका रात्रीच्या अन्यायावर दाद मागण्यास दुसरी रात्र असते.

विक्रमांच्या दफ्तरातील सर्वांत विलक्षण नोंद १८ ऑक्टोबर १९६८ ची, मेक्सिको ऑलिंपिकमधील लांब उडीची. बॉब बीमनचे पात्रता फेरीत दोन प्रयत्न बाद झाले होते आणि तिसऱ्याने तो कसाबसा अंतिम फेरीत आला होता; तेथे पहिल्याच उडीत तो ८.९० मीटर गेला. तोवरचा विश्वविक्रम ८.३५ मीटरचा होता. अंतर मोजण्यासाठी बसविलेले नवे दृक्-यंत्र तेथवर पोचेना, म्हणून अधिकाऱ्यांनी पोलादी पट्टी आणवून हाताने मोजले. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, तेथील हवा विरळ. वाऱ्याचा वेग नोंदला गेला तो बरोबर २ मीटर, म्हणजे हद्दीच्या अगदी काठावर. हे सारे मान्य करूनही, त्याच हवेत आणि त्याच मैदानावर उडी मारणाऱ्या इतर महारथींपेक्षा तो ७० सेंटीमीटरांहून अधिक पुढे होता, हे विसरता येत नाही. बीमन स्वतः पुन्हा कधी त्या अंतराच्या जवळही गेला नाही. ऑलिंपिक विक्रम म्हणून ती उडी आजही अबाधित आहे.

या उडीचा विश्वविक्रम मोडला तो १९९१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो येथे, आणि तो ज्या रीतीने मोडला तीत दोन्ही न्यायासने क्षणभर एक झाली. कार्ल लुइस दहा वर्षे लांब उडीत अजिंक्य होता. त्या संध्याकाळी त्याने ८.९१ मीटर उडी मारली, पण वारा हद्दीबाहेर होता. त्याला उत्तर म्हणून माइक पॉवेलने ८.९५ मीटर गाठले. समोर लुइस नसता तर पॉवेलच्या अंगी ती उडी आली असती की नाही, याची मला शंका आहे. आणि दुसऱ्या बाजूस, १९८४ पासून १९९६ पर्यंत सलग चार ऑलिंपिकमध्ये लांब उडीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या लुइसच्या नावावर खुल्या मैदानातील लांब उडीचा विश्वविक्रम कधीच लागला नाही. त्याला कमी म्हणण्याची छाती कोणाची होईल? उडीबहाद्दरांना सहा फेऱ्या मिळतात आणि प्रत्येक फेरीत प्रतिस्पर्ध्याला उत्तर देता येते. म्हणून लांब उडी ही मला शर्यतीपेक्षा मालिकेच्या अधिक जवळची वाटते, आणि लुइस हा तिचा रसेल.

भारतीय वाचकाला या दोन न्यायांतील भेद परका नाही. आपल्या काळजावर तो कोरलेला आहे. १९६० मध्ये रोम येथे ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मिल्खासिंग ४५.६ सेकंदांत धावले. त्या क्रीडामहोत्सवापूर्वीचा ऑलिंपिक विक्रम ४५.९ सेकंदांचा होता; म्हणजे १९५२ च्या हेलसिंकीत याच वेळेने त्यांनी सुवर्णपदक जिंकले असते. परंतु ओटिस डेव्हिस आणि कार्ल कॉफमन या दोघांनीही त्या दिवशी ४४.९ सेकंदांचा विश्वविक्रम केला, आणि मिल्खासिंग चौथे आले. पदकांच्या जमाखर्चात तेथे शून्य लिहिले जाते. १९८४ मध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ५५.४२ सेकंदांत आली आणि शंभराव्या भागाने कांस्यपदकाला मुकली, तेथेही शून्यच. ज्या क्षेत्रात आकडा हाच देह आहे, त्या क्षेत्रात आपण आकडा सोडून पदके मोजतो, ही आपल्या क्रीडाविचारातली मोठी उणीव आहे.

उलट, हेलसिंकीत १९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा कोणत्याही विक्रमाचा प्रश्नच नव्हता. कुस्तीला विक्रम नसतो. समोरचा मल्ल असतो, त्याचा डाव असतो आणि त्यावरचा प्रतिडाव असतो. लोकांच्या वर्गणीवर परदेशी गेलेल्या त्या मल्लाची थोरवी सांगताना सातारा-कोल्हापूरकडचा जाणता माणूस आकडे सांगत नाही, कोणाशी कशी लढत झाली ते सांगतो. बास्केटबॉलच्या प्लेऑफकडे पाहण्याची योग्य दृष्टी महाराष्ट्राला आपल्या लाल मातीतूनच मिळू शकते.

अलीकडच्या काळाने या भेदाला आणखी धार आणली आहे. २००८ च्या बीजिंगमध्ये मायकेल फेल्प्सने आठ सुवर्णपदके जिंकली, त्यांपैकी सात शर्यतींत विश्वविक्रम झाले. ज्या एका शर्यतीत विश्वविक्रम झाला नाही ती १०० मीटर बटरफ्लाय, आणि लोकांच्या स्मरणात सर्वांत खोल रुतली तीच, कारण तीत मिलोराड चाविच ५०.५९ सेकंदांत आणि फेल्प्स ५०.५८ सेकंदांत भिंतीला लागले. पुढच्या वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांच्या साहाय्याने ४३ विश्वविक्रम झाले, आणि १ जानेवारी २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली. दफ्तरात ते आकडे राहिले. त्यांच्यापुढे पोशाखाची नोंद मात्र केली गेली नाही. १९८८ च्या सोलमध्ये बेन जॉन्सनची ९.७९ सेकंदांची वेळ तिसऱ्या दिवशी उत्तेजक द्रव्यामुळे रद्द झाली, तेव्हा विक्रमाच्या सनदेवर प्रयोगशाळेचीही मोहोर लागते हे जगाला कळले. विक्रम हा जितका खेळाडूचा, तितकाच तो परिस्थितीचाही असतो.

बास्केटबॉलमध्ये १९८६ च्या एप्रिलात मायकेल जॉर्डनने बोस्टनच्या मैदानावर प्लेऑफच्या एका सामन्यात ६३ गुण केले, आणि तो आकडा आजही अभंग आहे. परंतु तो सामना सेल्टिक्सनी दोन जादा डावांनंतर १३५-१३१ असा जिंकला, आणि ती मालिका ३-० अशी. जॉर्डनची सहा विजेतेपदे पाच वर्षांनंतर सुरू झाली, सहकाऱ्यांवर विश्वास टाकण्याची विद्या त्याने आत्मसात केल्यावर. २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी ८२ पैकी ७३ सामने जिंकून शिकागोचा ७२ विजयांचा विक्रम मोडला; अंतिम मालिकेत ते ३-१ असे पुढे होते; तरीही लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने उरलेले तिन्ही सामने जिंकले, अखेरचा ९३-८९ असा. अंतिम मालिकेत ३-१ ची पिछाडी भरून काढण्याचे एनबीएतील ते पहिलेच उदाहरण. पहिल्या हंगामातील वॉशिंग्टन कॅपिटल्सची कहाणी सत्तर वर्षांनी पुन्हा घडली. आणि १९९६ च्या शिकागोने विक्रम व विजेतेपद दोन्ही मिळविले होते, त्याचे मोल यामुळे अधिकच उजळले.

प्लेऑफ फार लांबतात, २००३ पासून पहिली फेरीही सात सामन्यांची झाल्यामुळे हंगाम जूनपर्यंत रेंगाळतो, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. मला ती मान्य नाही. मालकांनी तिकिटांसाठी वाढविलेली ती मुदत न्यायाच्या पथ्यावर पडली आहे. घाईने दिलेला निकाल एका रात्रीच्या दैवाला मान देतो, सात सामन्यांचा निकाल अभ्यासाला, सहनशक्तीला आणि सहकार्याला. तसेच ऑलिंपिकमध्ये रोज किती पदके झाली याचे तक्ते छापण्यास माझा विरोध नाही. पण त्या तक्त्यांशेजारी प्रत्येक खेळाडूने स्वतःच्या आणि स्वदेशाच्या पूर्वीच्या कामगिरीपेक्षा किती मजल मारली, याचाही तक्ता छापला जावा, ही मागणी अवास्तव नाही. २०२४ मध्ये पॅरिस येथे नीरज चोप्राने ८९.४५ मीटर भाला फेकला आणि अर्शद नदीमने ९२.९७ मीटरांचा ऑलिंपिक विक्रम केला. रौप्य या एका शब्दाने त्या संध्याकाळची हकीकत पुरी होत नाही.

म्हणून दोन्ही दफ्तरे लिहिणाऱ्यांकडे, आणि ती वाचणाऱ्या आपणां सर्वांकडे, माझी विनंती साधी आहे. विक्रम लिहावा तो त्याच्या अटींसह: वारा किती होता, हवा कोणती होती, अंगावर काय होते, वेळ कोणी मोजली. विजेतेपद लिहावे ते पराभूताच्या नावासह: कोणाविरुद्ध, कितव्या सामन्यात, किती गुणांनी. अटींवाचून विक्रम पोकळ राहतो आणि प्रतिस्पर्ध्यावाचून विजेतेपद पोरके होते. असे लिहू लागलो, तर मिल्खासिंगांच्या नावापुढचे शून्य आपोआप पुसले जाईल, चेंबरलेनची निंदा थांबेल, आणि रसेलच्या अकरा विजेतेपदांच्या प्रत्येक नोंदीत त्याच्याशी अखेरपर्यंत लढलेल्या माणसांनाही त्यांचा हक्काचा वाटा मिळेल.